मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान: बाळासाहेब खेर की धनजीशा कूपर?

शर्वरी_म (धागाकर्ती):

स्पर्धा परीक्षेची कुठलीही मार्गदर्शिका उघडा. 'मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान कोण?' या प्रश्नापुढे बाळ गंगाधर खेर हेच नाव दिसतं. (तेव्हा प्रांतिक सरकारच्या प्रमुखालाही पंतप्रधान म्हणत.) मला हे उत्तर पटत नाही. खेरांनी कारभार हाती घेतला १९ जुलै १९३७ ला. १९३५ चा भारत सरकार कायदा (प्रांतांचा कारभार मंत्रिमंडळाकडे सोपवणारा) प्रांतांना लागू झाला १ एप्रिल १९३७ ला. मग मधले साडेतीन महिने राज्य कोण चालवत होतं?

साताऱ्याचे उद्योगपती सर धनजीशा कूपर. त्यांच्या मंत्रिमंडळात जमनादास मेहता, हुसेनअली रहिमतुल्ला आणि धारवाड भागातले सर सिद्दप्पा कांबळी होते. एवढ्याशा माणसांवर गुजरातपासून कारवारपर्यंतचा प्रांत.

ज्यांनी हा भाग वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: १९३७ च्या सुरुवातीला निवडणुका झाल्या. काँग्रेसला अकरांपैकी पाच प्रांतांत स्पष्ट बहुमत मिळालं आणि मुंबईत १७५ जागांच्या विधानसभेत ती जवळजवळ निम्म्यावर पोचली, म्हणजे सरकार बनवण्याच्या स्थितीत होती. पण मार्चमध्ये दिल्लीला काँग्रेसनं ठरवलं, की गव्हर्नर आपले खास अधिकार मंत्र्यांच्या रोजच्या कारभारात वापरणार नाहीत असं आश्वासन मिळाल्याशिवाय मंत्रिपदं घ्यायची नाहीत. गव्हर्नरांनी ते दिलं नाही. मग या सहाही प्रांतांत गव्हर्नरांनी बहुमत नसलेल्या पुढाऱ्यांना बोलावून सरकारं उभी केली. १ एप्रिलला काँग्रेसनं नव्या राज्यघटनेविरुद्ध देशभर हरताळ पुकारला होता, त्याच दिवशी या सरकारांचा जन्म झाला.

इतिहासात यांना 'हंगामी मंत्रिमंडळं' म्हणून एका ओळीत गुंडाळतात. माझं म्हणणं असं, की लोकांनी कौल दिलेल्या पक्षाला बाजूला ठेवून सरकार चालवता येतं हे या कायद्यानं पहिल्याच दिवशी दाखवून दिलं, आणि म्हणूनच ही सरकारं नीट अभ्यासायला हवीत. तुम्हाला काय वाटतं? कूपर यांना पहिले पंतप्रधान म्हणावं का? सातारकरांकडे काही माहिती असेल तर जरूर लिहा.

अबोली:

छान विषय. कूपर म्हटलं की मला फक्त लोखंडी नांगर आठवतो. ते पंतप्रधान होते हे आजच कळलं.

खडकवासला:

माझं मत खेर. ज्या सरकारनं एकदाही विधानसभेचं तोंड पाहिलं नाही त्याला सरकार कसं म्हणायचं? गव्हर्नर लॉर्ड ब्रेबर्न यांनी नेमलेली ती एक समिती होती.

कायदेकानू:

@खडकवासला, भावना समजते, पण कायद्याच्या दृष्टीनं ते पूर्ण मंत्रिमंडळ होतं. १९३५ च्या कायद्याच्या कलम ५१ प्रमाणे मंत्री निवडायचे गव्हर्नरनं, आणि ते त्याची मर्जी असेपर्यंत पदावर राहणार. विधिमंडळाचा सदस्य नसलेला माणूससुद्धा सहा महिने मंत्री राहू शकत होता. (हीच तरतूद आपल्या राज्यघटनेत अनुच्छेद १६४ मध्ये आहे.) विधिमंडळाची पहिली बैठकही सहा महिन्यांच्या आत बोलावली की पुरे. म्हणजे बहुमत नसलेलं सरकार सप्टेंबर अखेरपर्यंत बिनधोक चालू शकत होतं.

शर्वरीताईंच्या मुद्द्याला जोड म्हणून आणखी एक गोष्ट. गव्हर्नरला राजाकडून एक सूचनापत्र दिलेलं असे. विधिमंडळात स्थिर बहुमत मिळवण्याची ज्याची शक्यता सर्वांत जास्त, अशा व्यक्तीच्या सल्ल्यानं मंत्री निवडावेत, असं त्यात सांगितलेलं होतं. कूपर यांच्या नेमणुकीत या सूचनेचा अर्थच उरला नाही. मग कोर्टात का गेलं नाही कोणी? कारण कलम ५३ मध्ये आधीच लिहून ठेवलं होतं, की गव्हर्नरची कृती सूचनापत्राला धरून नाही एवढ्या कारणावरून तिच्या वैधतेला आव्हान देता येणार नाही. जबाबदार शासनाचं वचन द्यायचं आणि ते मोडलं तर दाद मागायला जागा ठेवायची नाही, अशी त्या कायद्याची सगळी बांधणी आहे. खास जबाबदाऱ्यांचं कलम ५२ आणि घटनात्मक यंत्रणा कोलमडल्याची घोषणा करून सगळा कारभार गव्हर्नरकडे घेणारं कलम ९३ हेही त्यातलेच. काँग्रेस आश्वासन मागत होती ते उगाच नव्हे.

उत्तम_गा:

विधानसभेचं तोंड न पाहता गेलेलं सरकार म्हणजे आपले चरणसिंग! १९७९ मध्ये जुलैच्या शेवटी पंतप्रधान झाले आणि ऑगस्टमध्ये लोकसभेला सामोरं जाण्याआधीच राजीनामा.

पनवेलकर:

इतक्या लांब कशाला जाता? २०१९ चा नोव्हेंबर आठवा. पहाटे शपथ, चौथ्या दिवशी राजीनामा. कूपर साहेबांचे साडेतीन महिने त्यापुढे दीर्घायुषी वाटतात. :)

संपादक मंडळ:

सध्याच्या राजकारणासाठी वेगळा विभाग आहे. कृपया १९३७ वरच राहू या.

माहुलीकर:

शर्वरीताई, साताऱ्याचा असल्यामुळे राहवत नाही म्हणून सविस्तर लिहितो.

आमच्याकडे कूपर हे नाव आधी कारखान्याचं आणि मग राजकारणाचं. सातारा रोड स्टेशनजवळ पाडळीला त्यांनी लोखंडी नांगर, चरक अशा शेतीच्या अवजारांचा कारखाना काढला. त्याची उभारणी होत असताना कर्मवीर भाऊराव पाटील त्यांच्याबरोबर होते. भाऊराव त्याआधी ओगल्यांच्या काच कारखान्याचं आणि किर्लोस्करांच्या नांगरांचं काम करत होते, गावोगाव फिरल्यामुळे शेतकरी त्यांना ओळखत. कारखान्याच्या नफ्यातला वाटा शिक्षणाला मिळेल या भरवशावर त्यांनी कष्ट उपसले. ते वचन पाळलं गेलं नाही आणि दोघांचं बिनसलं ते कायमचं. भाऊराव पूर्ण वेळ रयत शिक्षण संस्थेला वाहून घेते झाले. रयतच्या कुठल्याही जुन्या शिक्षकाला विचारा, कूपर यांचं नाव निघालं की आवाज बदलतो.

राजकारणात कूपर ब्राह्मणेतर पक्षाचे. १९३५ च्या कायद्याआधी मुंबई सरकारात त्यांनी काम केलेलं होतं, त्यामुळे गव्हर्नरला ते नवखे नव्हते. जिल्ह्याच्या राजकारणात त्यांचा दबदबा मोठा होता. पारशी माणूस मराठा शेतकऱ्यांच्या जिल्ह्यात ब्राह्मणेतर पक्षाचा पुढारी होतो, हे आज ऐकायला नवल वाटेल. पण कारखाना, पतपुरवठा, लोकल बोर्ड आणि सरकारदरबारी ओळख या चार गोष्टी एका हातात आल्या, की गावचे पाटील त्या हातामागे जात, मग तो माणूस कोणत्या का धर्माचा असेना.

या दबदब्याला १९३७ च्या निवडणुकीतच तडा गेला. बोरगावचे आत्माराम पाटील काँग्रेसकडून निवडून आले. त्यांच्या प्रचारात कॉलेजात शिकणारे यशवंतराव चव्हाण गावोगाव फिरले होते. बहुजन समाजातली शिकलेली मुलं तोवर काँग्रेसकडे वळली होती. पुण्यात केशवराव जेधे आधीच गेले होते. म्हणजे कूपर पंतप्रधान झाले तेव्हा त्यांच्या पायाखालची माती सरकायला लागलेली होती. हे समजून घेतल्याशिवाय त्या मंत्रिमंडळाचं मोजमाप होणार नाही, असं मला मनापासून वाटतं.

अबोली:

माहुलीकर काका, हा प्रतिसाद स्वतंत्र लेख म्हणून टाका ना.

नारायणपेठ:

सगळे कूपर यांच्याबद्दल बोलत आहेत, पण त्या मंत्रिमंडळातलं सर्वांत लक्षवेधी नाव जमनादास मेहता यांचं आहे. मेहता गुजराती, पण त्यांचं सारं राजकारण टिळकांच्या अनुयायांमध्ये गेलं. वकील, मुंबईचे महापौर राहिलेले, रेल्वे कामगारांचे पुढारी. न. चिं. केळकरांच्या वर्तुळातला लोकशाही स्वराज्य पक्ष त्यांचा. हा पक्ष म्हणजे जुन्या प्रतियोगी सहकारितेचा वारसा: मिळतील ते अधिकार घ्यायचे, वापरायचे आणि पुढच्यासाठी भांडायचं. त्यामुळे काँग्रेसनं नाकारलेलं मंत्रिपद मेहतांनी स्वीकारणं हे त्यांच्या विचाराशी सुसंगत होतं. त्यांना सरकारचे हस्तक म्हणणारे लोक हा भाग सोडून देतात.

आणि याच मंत्रिमंडळानं एक काम केलं जे आधीच्या कुठल्याही सरकारनं केलं नव्हतं. स्वातंत्र्यवीर सावरकर जानेवारी १९२४ पासून रत्नागिरीत स्थानबद्ध होते. जिल्ह्याबाहेर जायचं नाही, राजकारणात पडायचं नाही. मुदत आधी पाच वर्षांची होती, ती पुन्हा पुन्हा वाढवली गेली. १० मे १९३७ ला त्यांच्यावरची सगळी बंधनं उठली. मंत्रिमंडळात येताना मेहतांनी हीच अट घातली होती, असं त्या काळच्या लोकांनी सांगून ठेवलंय. सुटकेनंतर सावरकर आधी याच लोकशाही स्वराज्य पक्षात गेले आणि त्याच वर्षाच्या शेवटी अहमदाबादला हिंदू महासभेचे अध्यक्ष झाले. पुढच्या राजकारणाला वळण देणारी ही घटना ज्या सरकारच्या काळात घडली ते 'नाममात्र' कसं?

खडकवासला:

@नारायणपेठ, एका माणसाची सुटका ही मोठी गोष्ट आहे, मान्य. पण त्यावरून सरकारचं बळ सिद्ध होत नाही. तेरा वर्षं झाली होती, गव्हर्नरला आता त्यात धोका दिसत नव्हता आणि जेमतेम उभ्या असलेल्या मंत्रिमंडळाला थोडी लोकप्रियता मिळणार असेल तर त्याला हवीच होती. गव्हर्नरला नको असती तर सुटका झाली असती का? माझं म्हणणं तेच आहे: या सरकारला जेवढं करू दिलं तेवढंच त्यानं केलं.

खेरांचं पाहा. पहिल्या दोन वर्षांत काय काय झालं: सविनय कायदेभंगात जप्त झालेल्या जमिनी परत करण्याचा कायदा, कुळांचा कायदा, मुंबईत दारूबंदी. यातल्या काहींवर टीका झाली, १९३८ च्या औद्योगिक तंट्यांच्या कायद्याविरुद्ध डॉ. आंबेडकर आणि कामगार संघटनांनी ७ नोव्हेंबरला मोठा संप केला. पण हे सगळं विधानसभेत मांडून, भांडून, मतदान घेऊन झालं. कूपर यांच्या काळात एकाही मंत्र्याला एकाही आमदाराच्या प्रश्नाला उत्तर द्यावं लागलं नाही.

कायदेकानू:

कैद्यांच्या सुटकेबद्दल एक भर घालतो, कारण ती दोन्ही बाजूंना लागू पडते. फेब्रुवारी १९३८ मध्ये संयुक्त प्रांत (साधारण आजचा उत्तर प्रदेश) आणि बिहार इथल्या काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजबंद्यांच्या सुटकेवरूनच राजीनामे दिले होते. गव्हर्नर अडून बसले होते, नंतर तडजोड झाली. म्हणजे भक्कम बहुमत पाठीशी असलेल्या पंतप्रधानालाही राजबंदी सोडताना गव्हर्नरशी झुंजावं लागत होतं. त्यामुळे खडकवासला म्हणतात तसा गव्हर्नरचा होकार लागलाच असणार. पण तो होकार मागणारा मंत्री खुर्चीवर बसलेला होता म्हणून प्रश्न टेबलावर आला, हेही तितकंच खरं.

धारवाडी_काका:

आमच्या सिद्दप्पा कांबळींबद्दल कोणी काही लिहीना म्हणून लिहितो. मी मराठी, पण तीन पिढ्या धारवाडात. कांबळी इथल्या ब्राह्मणेतर चळवळीतले, लिंगायत समाजाचे मोठे पुढारी. द्विदल राज्यपद्धतीच्या (१९३५ च्या कायद्याआधी काही खाती मंत्र्यांकडे आणि काही गव्हर्नरकडे असत, त्या) काळात ते शिक्षणमंत्री होते. उत्तर कर्नाटकातले जुने लोक त्यांचं नाव आदरानं घेतात. मुंबईच्या राजकारणात कानडी जिल्ह्यांकडे कुणाचं लक्ष नसे अशी इकडे कायमची तक्रार असायची, त्यामुळे लहानशा मंत्रिमंडळात आपला एक माणूस आहे याचं इथं अप्रूप होतं. बहुमताचा हिशेब पुण्या-मुंबईत महत्त्वाचा होता, धारवाडात मात्र लोक वेगळ्या नजरेनं पाहत होते.

मृदगंधा:

धारवाडी काकांच्या प्रतिसादावरून लक्षात आलं: पंतप्रधान पारशी, एक मंत्री गुजराती, एक मुंबईचे मुसलमान, एक कानडी. धाग्यात आलेल्या या नावांत मराठी आडनाव एकही नाही! प्रांतातला सर्वांत मोठा भाषक गट मराठी असताना.

माहुलीकर:

@मृदगंधा, आडनाव पाहिलं तर नाही. पण कूपर यांची सारी हयात साताऱ्यात मराठी माणसांत गेली. आमच्या आजोबांच्या पिढीला ते परके कधी वाटले नाहीत. वैर असेल तर ते घरच्यासारखं होतं.

आणि पारशी म्हणून आठवलं. त्याच महिन्यांत मुंबईत दुसऱ्या एका पारशी पुढाऱ्याचा वाद पेटला होता. वीर नरिमन. मुंबई शहर काँग्रेसचे सर्वांत लोकप्रिय नेते. विधानसभेतल्या काँग्रेस पक्षाचं नेतेपद त्यांनाच मिळेल असं अनेकांना वाटत होतं, मिळालं खेरांना. नरिमन यांनी सरदार पटेलांवर आरोप केले, गांधीजी आणि बहादुरजी यांनी चौकशी केली आणि निकाल नरिमन यांच्या विरुद्ध गेला. एक पारशी बहुमताशिवाय पंतप्रधान, दुसरा बहुमताच्या पक्षात असून बाहेर. १९३७ च्या उन्हाळ्यात हे एकाच वेळी चालू होतं.

वऱ्हाडी_अण्णा:

तुम्ही सगळे मुंबईतच अडकलात. महाराष्ट्राचा मोठा भाग तेव्हा मुंबई प्रांतात नव्हताच! आमचा विदर्भ मध्य प्रांत व वऱ्हाडात, राजधानी नागपूर. तिथंही असंच हंगामी मंत्रिमंडळ होतं. पंतप्रधान बिलासपूरचे ई. राघवेंद्र राव. मंत्र्यांत अमरावतीच्या दादासाहेब खापर्ड्यांचे चिरंजीव बा. ग. खापर्डे आणि अहेरीचे जमीनदार धर्मराव भुजंगराव. म्हणजे मृदगंधाताई, मराठी मंत्री हवे असतील तर नागपूरला या.

राघवेंद्र राव यांचा प्रवास पाहण्यासारखा आहे. सुरुवातीला स्वराज्य पक्षात, मग सरकारात मंत्री, १९३६ मध्ये काही महिने प्रांताचे हंगामी गव्हर्नर, मग हे मंत्रिमंडळ, पुढे लंडनला भारतमंत्र्यांचे सल्लागार आणि शेवटी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात. आमच्या भागात ही वाट आधीपासून मळलेली होती. १९२५ मध्ये अमरावतीचे श्रीपाद बळवंत तांबे स्वराज्य पक्षात असून गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळात गेले, त्यावरून पक्ष फुटला. नारायणपेठ यांनी लिहिलेल्या प्रतियोगी सहकारितेची खरी ठिणगी तिथली. अणे, मुंजे सगळे त्यातलेच.

आणि हा पेच सुटला कुठे? आमच्या वर्ध्याला! २१ जूनला व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी निवेदन काढून गव्हर्नर मंत्र्यांच्या कामात उगाच ढवळाढवळ करणार नाहीत असा सूर लावला. जुलैच्या पहिल्या आठवड्यात काँग्रेस कार्यकारिणी वर्ध्याला बसली आणि मंत्रिपदं स्वीकारायला तिनं परवानगी दिली. त्यानंतर पंधरवड्याच्या आत सहाही हंगामी मंत्रिमंडळं गेली.

आता याहून अल्पायुषी सरकार सांगतो. नागपूरला राघवेंद्र रावांच्या जागी काँग्रेसचे डॉ. ना. भा. खरे आले. मंत्रिमंडळात महाकोशलचे (प्रांताच्या हिंदी भागातले) रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र, दु. के. मेहता आणि इकडचे रामराव देशमुख, गोळे. दोन्ही बाजूंचं पटेना. मे १९३८ मध्ये पचमढीला समेट केला, तोही टिकला नाही. जुलैत खऱ्यांनी राजीनामा दिला, देशमुख-गोळ्यांनीही दिला, शुक्ल-मिश्र-मेहता यांनी द्यायला नकार दिला. गव्हर्नर वायली यांनी त्या तिघांना बडतर्फ केलं आणि खऱ्यांना नवं मंत्रिमंडळ बनवू दिलं. त्यात अग्निभोज हे दलित समाजातले मंत्री होते. पक्षाला न विचारता गव्हर्नरच्या मदतीनं हे केलं म्हणून काँग्रेसश्रेष्ठी संतापले. दोन-तीन दिवसांत खऱ्यांना राजीनामा द्यावा लागला आणि शुक्ल पंतप्रधान झाले. मराठी विदर्भाला हा घाव फार लागला. नागपूर-अमरावतीच्या जुन्या घरांत खरे प्रकरण निघालं की अजून दोन तट पडतात. माझ्या मते खऱ्यांवर अन्याय झाला. शिस्तीचा प्रश्न होता हे मान्य करूनही मी हे म्हणतो.

नारायणपेठ:

अण्णा, खऱ्यांवर अन्याय झाला हे पटतं, पण गव्हर्नरच्या हातून सहकाऱ्यांना बडतर्फ करवणं हे कुठल्याही पक्षाला चाललं नसतं. पुढे ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले, त्यानंतर काँग्रेसमध्ये त्यांची बाजू घेणारं कोण उरणार?

वऱ्हाडी_अण्णा:

नारायणपेठ, ती नंतरची गोष्ट. आधी घराबाहेर काढलं, मग माणूस कुठंतरी जाणारच ना.

संपादक मंडळ:

खरे प्रकरणावर वेगळा धागा काढता येईल. इथे पुन्हा १९३७ कडे वळू या.

उत्तम_गा:

संपादकांची क्षमा मागून एकच ओळ: साताऱ्यातलं अल्पायुषी सरकार म्हटलं की आमच्या घरात कूपर नाही, क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार आठवतं!

माहुलीकर:

उत्तमराव, बरोबर आठवण काढलीत. आणि दोन्ही सरकारं शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. कूपर यांच्या मंत्रिमंडळाला कायद्याची मान्यता होती, लोकांची नव्हती. १९४३ ते ४६ चं प्रतिसरकार कायद्यानं गुन्हा होतं, पण गावोगावची न्यायदान मंडळं लोक मानत होते. तंटे मिटवणं, सावकारांना आवरणं, हुंड्याशिवाय साध्या पद्धतीची लग्नं लावणं, हे सगळं भूमिगत राहून केलं. एकाच जिल्ह्यात, दहा वर्षांच्या आत.

सायली_अभ्यास:

मी राज्यसेवेची तयारी करते. सगळ्यांचे प्रतिसाद वाचले, खूप शिकायला मिळालं. पण परीक्षेत नक्की काय लिहू?

कायदेकानू:

सायली, प्रश्न नीट वाच. '१९३५ च्या कायद्यान्वये मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान' असं विचारलं तर कूपर. 'पहिले काँग्रेसचे' किंवा 'पहिले लोकनियुक्त बहुमताचे' असं असेल तर खेर. नुसतंच 'पहिले' असेल आणि पर्यायांत दोन्ही नावं असतील तर तारखेनं कूपर हेच उत्तर बरोबर. आयोगानं वेगळं उत्तर दिलं तर हरकत नोंदव, तारखा तुझ्या बाजूनं आहेत.

शर्वरी_म:

सर्वांचे मनापासून आभार. इतकी माहिती एका जागी मिळेल असं वाटलं नव्हतं.

खडकवासला यांच्या मुद्द्यावर मी बराच विचार केला. विधिमंडळाला उत्तर द्यावं लागत नाही ते सरकार अपुरं, हे मला पूर्ण मान्य. तरीही यादीतून नाव गाळायला माझा विरोध आहे. नाव गाळलं, की वाचणाऱ्याला वाटतं १९३५ चा कायदा आला, निवडणुका झाल्या आणि लोकांचं सरकार आलं. तसं घडलेलं नाही. आधी गव्हर्नरनं आपल्या पसंतीचं सरकार बसवलं. वर्ध्याचा ठराव झाला नसता तर ते आणखी दोन महिने चाललं असतं आणि मग कलम ९३ लावायला गव्हर्नर मोकळा होता. कूपर यांचं नाव यादीत पहिल्या ओळीत ठेवा आणि पुढे 'बहुमताविना' असं लिहा. त्या एका शब्दानं कायद्याचं खरं रूप कळेल.

जमनादास मेहतांबद्दल मात्र माझं मत या धाग्यामुळे अधिक मऊ झालंय. चार महिन्यांची खुर्ची मिळणार हे दिसत असताना त्यांनी ती एका ठरावीक कामासाठी वापरली.

खडकवासला:

'बहुमताविना' लिहिणार असाल तर माझी हरकत नाही.

मृदगंधा:

बाकीच्या प्रांतांत असंच घडलं का? सगळीकडे सहज मिळाले असे पुढारी?

कायदेकानू:

सगळीकडे सहज नाही. मद्रासला गव्हर्नरनं आधी श्रीनिवास शास्त्रींना विचारलं, त्यांनी नकार दिला. मग जस्टिस पक्षाचे कूर्म वेंकट रेड्डी नायडू आले. बिहारमध्ये मोहम्मद युनूस, ओडिशात पारलाखेमुंडीचे महाराज, संयुक्त प्रांतात छत्तारीचे नवाब. वायव्य सरहद्द प्रांताची गोष्ट निराळी. तिथे काँग्रेसला बहुमत नव्हतं, साहिबजादा अब्दुल कय्यूम यांचं सरकार आलं, त्यानं विधानसभेला तोंड दिलं आणि सप्टेंबरमध्ये अविश्वास ठरावावर ते पडलं. मग डॉ. खानसाहेब आले. सरकार विधानसभेत जिंकावं किंवा पडावं, हा सरळ मार्ग तिथे दिसला.

गोदाकाठ:

मी नांदेडचा, बरेच दिवस नुसता वाचत होतो. छत्तारीच्या नवाबांचं नाव आलं म्हणून लिहितो, कारण मराठवाड्याशी त्यांचा थेट संबंध आहे. संयुक्त प्रांतातलं ते हंगामी मंत्रिमंडळ गेल्यावर काही वर्षांनी, १९४१ मध्ये, ते हैदराबाद संस्थानचे पंतप्रधान झाले. १९४७ मध्ये पुन्हा त्याच पदावर होते. भारत सरकारशी जैसे थे कराराची बोलणी त्यांच्याच शिष्टमंडळानं केली. ऑक्टोबरच्या शेवटी शिष्टमंडळ दिल्लीला निघायच्या वेळी इत्तेहाद-उल-मुसलमीन या संघटनेच्या जमावानं त्यांच्या घराला वेढा घातला आणि जाणं रोखलं. निजामानं जमावापुढे मान तुकवली, नवाबांनी पद सोडलं आणि लायक अली आले. पुढे रझाकारांनी आमच्याकडे काय केलं ते वेगळं सांगायला नको.

शर्वरी_म:

गोदाकाठ, हा दुवा मला अगदी नवा आहे. छत्तारी आणि हैदराबाद यावर तुम्ही स्वतंत्र धागा सुरू कराल का? अण्णांनी खरे प्रकरणाचा करावा आणि माहुलीकर काकांनी कूपर-भाऊरावांचा. मी तिन्हींचे दुवे इथे वर जोडून ठेवते.

वऱ्हाडी_अण्णा:

रविवारी टाकतो. नारायणपेठ, तयारीत राहा.